रंगो बापूजींची चौदा वर्षे

रंगो बापूजी गुप्ते यांच्याविषयी महाराष्ट्राला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: १८५७च्या पावसाळ्यात ते नाहीसे झाले आणि पुन्हा कुणाच्या हाती लागले नाहीत. कुणी सांगते ते संन्यासी झाले, कुणी सांगते वेषांतर करून ठाण्याकडे उतरले, कुणी त्यांना थेट नानासाहेब पेशव्यांच्या गोटात नेऊन पोचवते. सातारा, कोरेगाव, वाई, कराड या भागात तर ही कथा घरोघरी थोड्याफार फरकाने ऐकायला मिळते. स्वातंत्र्यवीर म्हणून त्यांचे नाव आम्ही घेतो, चौकांना देतो, भाषणात उच्चारतो. पण हा माणूस होता कसा, आयुष्यभर त्याने नेमके काय केले, असे विचारले तर उत्तर लवकरच पुन्हा त्या गूढ शेवटापाशी येऊन थांबते. शेवटाच्या कुतूहलाने आयुष्य झाकून टाकले आहे, आणि त्यामुळे रंगो बापूजींवर मोठा अन्याय झाला आहे, असे माझे मत आहे. त्यांचे मोठेपण त्यांच्या नाहीसे होण्यात शोधू नये. ते साताऱ्याच्या पदच्युत छत्रपतींचे वकील म्हणून लंडनमध्ये काढलेल्या जवळजवळ चौदा वर्षांत आहे. त्या चौदा वर्षांत पुराव्याबद्दल त्यांनी जो आग्रह धरला, त्याच आग्रहाने त्यांचे चारित्र्य आणि त्यांचा शेवट तपासला पाहिजे.

त्यासाठी मूळ खटला समजून घ्यायला हवा. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि आष्टीच्या लढाईनंतर छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह केला. आज सातारा आणि सांगली जिल्ह्यांत विभागलेला बराचसा मुलूख, शिवाय पंढरपूर आणि विजापूरकडचा भाग या राज्यात होता. प्रतापसिंह कर्तबगार निघाले. शाळा, छापखाना, रस्ते, शहराचे पाणी अशा कामांत त्यांनी स्वतः लक्ष घातले. त्यांच्या कारभारावर खूश होऊन कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी १८३५ साली त्यांच्यासाठी प्रशस्तिपत्र आणि रत्नजडित तलवार धाडली. मुंबई सरकारने ती भेट महाराजांना दिलीच नाही. जहागिरींवरच्या हक्कावरून महाराज आणि मुंबई सरकार यांच्यात वाद पेटला होता. तहाचा अर्थ लावताना महाराज नमते घेत नव्हते. मग १८३६ साली २३व्या पलटणीतल्या दोन देशी अंमलदारांनी तक्रार केली की महाराजांनी आपल्याला फितवण्याचा प्रयत्न केला. पाठोपाठ आणखी दोन आरोप जोडले गेले: पोर्तुगालमधून फौज आणवण्यासाठी गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी खलबत, आणि नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशी संधान. हे आप्पासाहेब तेव्हा जोधपूरच्या आश्रयाला निराधार पडले होते. ज्याच्याजवळ स्वतःच्या पोटापुरते नव्हते, त्याच्या जिवावर कंपनीचे राज्य उलथवण्याचा बेत एक अनुभवी राजा आखत होता, असे मानायला सांगितले गेले.

चौकशी झाली ती बंद दाराआड. रेसिडेंट लॉडविक, ओव्हन्स आणि मुंबई सरकारचे चिटणीस विलोबी या तिघांनी साक्षी घेतल्या. महाराजांना साक्षींच्या नकला हव्या होत्या, साक्षीदारांना समोरासमोर प्रश्न विचारायचे होते, आपली बाजू मांडायला सवड हवी होती. न्यायाची ही अगदी प्राथमिक मागणी पुरी झाली नाही. दिवाण गोविंदराव यांना अहमदनगरच्या कैदेत ठेवून त्यांच्याकडून कबुली मिळवली गेली. गोविंदरावांच्या आई गिरजाबाई यांच्या नावाने एक अर्ज सरकारदरबारी आला आणि तो मोठा पुरावा ठरला. पुढे तो बाईंनी लिहिलेला नव्हताच, दुसऱ्याच माणसाच्या हातचा होता, असे उघडकीला आले. ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर कार्नाक साताऱ्याला आले. चूक कबूल करणारा कागद सही करून दिला तर गादी राहील, असे त्यांनी सांगितले. प्रतापसिंहांनी नकार दिला. सप्टेंबरच्या सुरुवातीला एका रात्री त्यांना वाड्यातून बाहेर काढून नेले आणि पुढे काशीला रवाना केले. राज्य टिकवण्यासाठी सहीपुरते खोटे चालले असते, असा सल्ला देणारे त्या वेळीही असतील. पण ज्या राजाने तो सल्ला मानला नाही, त्याचा वकील म्हणून रंगो बापूजी समुद्र ओलांडून गेले. त्यांच्या पुढच्या साऱ्या वागण्याची गुरुकिल्ली मला इथे दिसते.

लंडनमध्ये त्यांनी काय केले? अर्ज केले, पत्रे लिहिली, कागद छापून वाटले. कंपनीचे संचालक, भागधारकांची सभा, पार्लमेंटचे सभासद असा एकही दरवाजा त्यांनी ठोठावायचा ठेवला नाही. त्यांची मागणी सुरुवातीपासून एका जागी पक्की होती: महाराजांची उघड चौकशी करा, त्यांच्याविरुद्धचे कागद त्यांना दाखवा, आणि मग काय ते ठरवा. दया दाखवा, मेहरबानी करा, अशी ती याचना नव्हती. एका तहाच्या बरोबरीच्या पक्षाने दुसऱ्या पक्षाला विचारलेला जाब तिच्यात होता. या एका मुद्द्याने त्यांनी इंग्लंडमध्ये माणसे जोडली. गुलामगिरीविरुद्ध नाव कमावलेले जॉर्ज टॉमसन त्यांच्या बाजूने बोलले, पार्लमेंटात जोसेफ ह्यूम यांनी प्रश्न लावून धरला. साताऱ्याचे माजी रेसिडेंट जनरल रॉबर्टसन महाराजांच्या बाजूने उभे राहिले. पण मला सर्वांत बोलकी वाटते ती लॉडविक यांची गोष्ट. गुप्त चौकशी करणाऱ्या तिघांपैकीच हे एक. पुढे हेच लॉडविक लंडनमध्ये महाराजांच्या बाजूने उभे राहिले. चौकशी करणाऱ्यालाच आपल्या चौकशीची शरम वाटावी, इतका तो पुरावा पोकळ होता.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी महाराज काशीत वारले. मालक गेला, पैसा आटला, कर्ज वाढत गेले. गादीवर बसवलेले त्यांचे धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी गेले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केले. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी या खालसा करण्याला विरोध नोंदवला होता. त्यांचे मत बाजूला सारले गेले. या टप्प्यावर रंगो बापूजी परतले असते तर त्यांना कुणी नावे ठेवली नसती. ज्या राजासाठी आले तो नाही, ज्या राज्यासाठी भांडायचे ते नकाशावर नाही. तरी ते आणखी पाच वर्षे तिथे राहिले आणि दत्तकाच्या हक्कासाठी भांडत राहिले. परत आले ते १८५३ सालाच्या अखेरीला, तेही कंपनीने त्यांच्या देण्याघेण्याची आणि परतीच्या प्रवासाची सोय केल्यावर. पगारासाठी, मानासाठी, मालकाच्या मर्जीसाठी माणूस काय काय करतो हे आपण जाणतो. यांतले काहीही उरले नसताना जे पाच वर्षे चालले, त्यावरून मी त्यांच्या स्वभावाची पारख करतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की हा सगळा भाबडेपणा होता. लुटणाऱ्याच्याच दारात न्याय मागायला जाऊन महाराजांचा पैसा आणि स्वतःची उमेदीची वर्षे वाया घालवली. हा आक्षेप निकालाकडे पाहून केला जातो, प्रयत्नाकडे पाहून नव्हे. १८४० साली दुसरा कोणता मार्ग खुला होता? फौज मोडली गेली होती, महाराज काशीत नजरकैदेत होते, शेजारची संस्थाने कंपनीच्या तहांनी बांधलेली होती. उलट इंग्लंडमध्ये कंपनीच्या कारभाराविरुद्ध बोलणारा एक गट जोर धरत होता, आणि त्याच सुमाराला गुलामगिरी कायद्याने बंद करायला त्या देशाला भाग पाडले गेले होते. राजा राममोहन राय यांच्यासारखा माणूसही दिल्लीच्या बादशहाची कैफियत घेऊन १८३० साली त्याच वाटेने गेला होता. शिवाय प्रयत्न निष्फळ ठरला म्हणून त्याचे फळच नव्हते असे म्हणता येत नाही. सातारा प्रकरणाचे इतके कागद पार्लमेंटच्या छापील दस्तऐवजांत आले, ते या रेट्यामुळे. १९२२ साली मेजर बामनदास बसू यांनी सातारा प्रकरणावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, प्रबोधनकार ठाकरे यांनी मराठीत हा विषय लावून धरला, तो याच साठ्यावर. कंपनीने जे दडपले असते ते पार्लमेंटच्या छापील कागदांत आणवणारा माणूस भाबडा कसा?

दुसरा आक्षेप याच्या नेमका उलट आहे आणि तो आदरापोटी येतो, म्हणून त्याचा सामना करणे अधिक अवघड. या मताप्रमाणे अर्ज-विनंत्या हा निव्वळ देखावा होता आणि रंगो बापूजी मनाने आधीपासून क्रांतिकारक होते. लंडनमध्ये त्यांची आणि नानासाहेबांचे वकील अझीमुल्ला खान यांची भेट झाली आणि तिथेच १८५७च्या उठावाचा आराखडा ठरला, असे सावरकरांनी १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रंगवले आणि ते चित्र मराठी मनात घट्ट बसले. पण काळाचे गणित पाहा. अझीमुल्ला इंग्लंडात पोचले ते रंगो बापूजींच्या मुक्कामाच्या अगदी शेवटाला. दोघांची गाठ पडली असेल, एकाच दुःखाचे दोन वकील परक्या शहरात भेटले तर बोललेही असतील. मात्र एका भेटीवरून चौदा वर्षांच्या कामाला मुखवटा ठरवणे म्हणजे त्या कामाचा अपमान आहे. शिवाय या कल्पनेतून एक धोकादायक निष्कर्ष निघतो. रंगो बापूजी लंडनमध्ये खोटे बोलत होते असे एकदा मानले, की प्रतापसिंहांवरचे कटाचे आरोपही खरे असू शकतील असे मानायची वाट मोकळी होते. कंपनीचे अधिकारी तेच म्हणत होते. आपल्या वीराला मोठे करण्याच्या भरात आपण त्याच्या शत्रूची साक्ष देऊन बसतो.

प्रामाणिक अर्जदार बंडखोर कसा झाला, हे समजायला मुखवट्याची गरज नाही. १८५३ पर्यंत कायद्याच्या सगळ्या पायऱ्या चढून झाल्या होत्या. वर कुणी ऐकणारे नाही हे त्यांना इतर कुणाहीपेक्षा नेमके कळले होते. १८५७च्या जूनमध्ये साताऱ्यात शिपायांना चिथावल्यावरून एका चपराश्याला फाशी झाली, त्यानंतर अटका सुरू झाल्या. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मारण्यात आले: पाच फासावर, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्या घालून. त्यांत रंगो बापूजींचे चिरंजीव सीताराम होते. प्रतापसिंहांच्या घराण्यातल्या माणसांनाही साताऱ्याबाहेर मुंबईकडे हलवण्यात आले. कटाचे सूत्रधार रंगो बापूजी, असे सरकारने ठरवले. आता इथे त्यांचीच कसोटी लावून पाहू. हा निष्कर्ष ज्यावर उभा आहे त्या साक्षी कुणाच्या आहेत? फाशी डोळ्यांसमोर दिसत असलेल्या आरोपींच्या, माफीची आशा असलेल्या माफीच्या साक्षीदारांच्या, खबऱ्यांच्या. उत्तर द्यायला मुख्य आरोपी हजर नव्हता. १८३६ साली अशाच पुराव्यावर राजाला दोषी ठरवले म्हणून जो माणूस चौदा वर्षे भांडला, त्याला १८५७ साली त्याच प्रतीच्या पुराव्यावर आपण बिनदिक्कत महान कटवाला ठरवतो. ते बंडात सामील होते, हे मला संभवनीय वाटते. मुलगा सामील आहे आणि बाप अनभिज्ञ, हे पटत नाही. पण किती, कोणत्या टप्प्यावर, कुणाच्या आज्ञेने, याबाबत सरकारी साक्षींपलीकडे आपल्या हाती फारच थोडे आहे. तेवढेच बोलावे.

आता तो प्रश्न, जो गूढकथेच्या पडद्याआड नेहमी सुटून जातो. बाप निसटला आणि मुलगा फासावर गेला. याचे काय? जो राजा सही करून सुटला नाही त्याचा वकील मुलाला मागे ठेवून स्वतः सुटला का? हा प्रश्न कठोर आहे, पण तो विचारणे म्हणजे अनादर नव्हे. माझे उत्तर असे: सरकारची पहिली नजर बापावर होती, मुलावर नंतर. सगळ्यांच्या आधी दूर व्हायला हवे ते त्यांनीच, कारण ते सापडले असते तर त्यांच्याशी बोललेला प्रत्येक माणूस, त्यांना जेवू घातलेले प्रत्येक घर संशयाखाली आले असते. मुलगा पकडला गेल्यावर स्वतःहून हजर होऊन त्याचा जीव वाचला असता, असे त्या महिन्यांतल्या शिक्षा पाहता वाटत नाही. तोफेच्या तोंडी माणसे देणारे सरकार बापाच्या बदल्यात मुलाला सोडणारे नव्हते. तरीही या निर्णयाची किंमत त्यांना कळत होती. ती त्यांनी मोजली की ती त्यांच्या माथी मारली गेली, हे त्यांच्या तोंडून आपल्याला ऐकायला मिळालेले नाही. एवढे लिहिणारा माणूस इथे गप्प आहे. त्यांच्या चरित्रातली खरी पोकळी मला ही वाटते. ते कोणत्या वाटेने गेले यापेक्षा ती कितीतरी खोल आहे.

मृत्यूबद्दल माझा तर्क साधा आहे. नानासाहेबांच्या शोधात सरकार वर्षानुवर्षे होते. १८७४ साली ग्वाल्हेरला जयाजीराव शिंद्यांनी एका संशयिताला नानासाहेब समजून इंग्रजांच्या हवाली केले होते, इतका तो शोध लांबला. रंगो बापूजींवर बक्षीस लागले होते, त्यांचा चेहरा, बोलणे, इंग्रजीची जाण हे सगळे अधिकाऱ्यांच्या ओळखीचे होते. असा माणूस दहा-वीस वर्षे जगला असता तर कुठे ना कुठे एखादे पत्र, एखादा अर्ज, एखादी खबर उमटली असती. जन्मभर कागदावर जगलेला माणूस कागदाशिवाय फार काळ राहिला नसता. म्हणून उतारवयातला हा माणूस धावपळीत, घाटमाथ्याच्या पावसात, थोड्याच दिवसांत किंवा महिन्यांत आजाराने किंवा श्रमाने गेला असावा आणि ज्यांनी त्याला सांभाळले त्यांनी भीतीपोटी किंवा निष्ठेपोटी तोंड उघडले नसावे. यावर कुणी म्हणेल, साताऱ्यात फितुरी होतीच, मग हेच रहस्य कसे टिकले? फितुरी होती, हे खरे. म्हणूनच सतरा माणसे गेली. पण लपवणारे घर लहान असले तर गुपित टिकते. याच जिल्ह्याने १९४२ नंतर चार वर्षे क्रांतिसिंह नाना पाटील यांना भूमिगत ठेवले आणि बक्षीस लावूनही सरकारला ते सापडले नाहीत. तेव्हा गावेच्या गावे पाठीशी होती, १८५७ साली कदाचित दोन-तीन घरेच असतील. शेवटाच्या गूढाने आयुष्य झाकले जाणे एकट्या साताऱ्यात घडलेले नाही. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्याबाबत १९५६ पासून एकामागून एक समित्या आणि आयोग बसले, आणि मृत्यूची चर्चा जितकी वाढली तितके त्यांचे राजकीय विचार मागे पडत गेले. साताऱ्यात आयोग बसला नाही, पण घडले तेच.

एक मुद्दा टाळता येणार नाही. सातारा प्रकरण अनेकदा जातींच्या भांडणाच्या रूपात सांगितले जाते. बाळाजीपंत नातू महाराजांचे शत्रू होते आणि कंपनीच्या मर्जीतले होते, हे कागदांत आहे. ते लपवण्याचे कारण नाही. पण सगळे खापर एका नातूच्या आणि त्याच्या जातीच्या डोक्यावर फोडले की कार्नाक, ओव्हन्स, विलोबी, डलहौसी अलगद सुटतात. निर्णय त्यांचा होता, सह्या त्यांच्या होत्या, मुलूख त्यांना मिळाला. दुसऱ्या बाजूला कैदेत गेलेले दिवाण आणि १८५७ साली गेंडामाळावर मेलेली माणसे एका जातीची नव्हती. रंगो बापूजींनी लंडनमध्ये बोट दाखवले ते सत्तेकडे आणि तिच्या कार्यपद्धतीकडे. त्यांच्या नावाने आज जातीची उणीदुणी काढणाऱ्यांनी त्यांचे अर्ज एकदा वाचावेत.

आणि अडचण नेमकी हीच आहे, की ते वाचायला सोपे मिळत नाहीत. त्यांचे लंडनमधले छापील अर्ज आणि पत्रे इंग्रजीत आहेत, पार्लमेंटचे दस्तऐवज मोठ्या जाडजूड खंडांत आहेत, साताऱ्याचे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. साताऱ्यात, कराडात, कोरेगावात महाविद्यालये आहेत, इतिहासाचे आणि इंग्रजीचे विभाग आहेत, दरवर्षी विद्यार्थ्यांना प्रकल्पाचे विषय लागतात. या अर्जांचे मराठी भाषांतर, प्रत्येक आरोपासमोर त्याचा पुरावा आणि त्यावरचे रंगो बापूजींचे उत्तर अशा मांडणीत, दोन-तीन वर्षांत सहज होऊ शकेल. जिल्हा परिषदेने आणि विद्यापीठाने त्यासाठी एखाद्या पुतळ्याइतका खर्च बाजूला ठेवला तरी पुरे. पहिल्या खंडात १८३६च्या चौकशीचे कागद घ्यावेत आणि गिरजाबाईंच्या नावाचा तो खोटा अर्ज सर्वांत आधी छापावा, म्हणजे कशाविरुद्ध हा माणूस चौदा वर्षे लढत होता ते वाचणाऱ्याला पहिल्याच पानावर दिसेल.